उठबस

फराळाचे ताट समोर ठेवून रक्तातल्या साखरेविषयी लिहिणे म्हणजे लग्नमंडपात बसून विहीणबाईंना घटस्फोटाचा कायदा समजावून सांगण्यासारखे आहे, हे मला कळत नाही असे नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी मजकूर मागितला तेव्हा त्यांच्या मनात काहीतरी खुसखुशीत असणार. पण या सदराचे नेहमीचे वाचक आता घरचेच झाले आहेत, आणि घरच्या माणसांपासून दुखणे लपवू नये. तेव्हा चकलीचा एक तुकडा तोंडात टाका आणि माझी कैफियत ऐका.

माझा गुन्हा पहिल्यांदा उघडकीस आणला तो आमच्या गल्लीतल्या शिंप्याने. पँट कमरेत सैल करून घ्यायची म्हणून मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने शिवण उलटी करून पाहिली, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, दोनदा सैल केली. आता आत मार्जिनच राहिलं नाही."

मराठीच्या अध्यापकाला जागोजागी रूपके दिसतात; पण इतके बिनचूक रूपक मला वीस वर्षांच्या अध्यापनात सापडले नव्हते. त्याने टेप लावली. एकोणचाळीस इंच, म्हणजे ९९ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८०च्या आत असावी असे डॉक्टर मंडळी सांगतात, हे मला नंतर कळले. तोपर्यंत कंबर ही फक्त कसण्याची गोष्ट आहे असे मी समजत होतो.

त्यानंतर रक्त तपासणे आलेच. गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारा तो आकडा ६.२ निघाला. ५.७पासून ६.४पर्यंत मधुमेहाचा उंबरठा, ६.५ला माणूस घरात. "तुम्ही उंबरठ्यावर आहात," डॉक्टर म्हणाले. मी म्हटले, "पण मी काही लठ्ठ नाही हो! हातपाय बघा, काड्या आहेत." त्यावर ते हसले आणि त्यांनी मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. उंचीच्या हिशेबाने दोघांचे वजन अगदी सारखे. दोघांचाही निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर साहेबाच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार असतो. ही चरबी पोटाशी दडून बसते आणि साखरेचा कारभार बिघडवते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेही माणसे १० कोटींवर आणि माझ्यासारखी उंबरठ्यावरची १३ कोटींवर भरली. म्हणजे उंबरठ्यावर गर्दी बरीच आहे. मी काही एकटा नाही. पण गर्दीने समाधान होते, साखर कमी होत नाही.

"दिवसभर काय करता?" डॉक्टरांनी विचारले.

"शिकवतो."

"उभं राहून?"

मी निरुत्तर झालो. पूर्वी मी वर्गात येरझारा घालीत शिकवायचो. आता प्रोजेक्टर आला आणि मी त्याच्या शेजारी बसू लागलो. घरी जाऊन एका दिवसाचा जमाखर्च मांडला. स्कूटरवर बसून कॉलेज, खुर्चीत बसून तास, स्टाफरूममध्ये बसून चहा, संगणकापुढे बसून नॅकचे तक्ते, घरी बसून पेपर तपासणे, आणि एवढ्या श्रमाने थकलो म्हणून सोफ्यावर बसून बातम्या. बेरीज अकरा तास भरली.

"चाला," एवढाच डॉक्टरांचा हुकूम होता. तो पाळण्यासाठी मी जागा निवडली ती कपिलधार.

बीडपासून वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण आहे. एक धबधबा, आणि मन्मथस्वामींची समाधी. मराठीतल्या वीरशैव वाङ्मयाचा विषय निघाला की मन्मथस्वामी आणि त्यांचा 'परमरहस्य' हा ओवीबद्ध ग्रंथ यांचे नाव घ्यावेच लागते. मीही ते वर्षानुवर्षे वर्गात घेत आलो आहे. कार्तिक पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते आणि मराठवाड्याच्या गावोगावांहून माणसे दिवसचे दिवस चालत येतात. माझी आई अशीच चालत जाऊन आलेली. मी मात्र बीड जिल्ह्यात जन्मूनही, पुण्यात बसून, कपिलधारवर नुसता बोलत होतो. गेल्या कार्तिकात म्हटले, चला, शेवटचा टप्पा तरी पायी करू. मांजरसुंब्याला गाडी ठेवली आणि मी व आमची सौभाग्यवती यात्रेकरूंच्या रांगेत सामील झालो.

देवाकडे जाताना उतार लागला तोवर मी रस्त्याच्या भूगोलावर, मन्मथस्वामींवर आणि ओवीछंदावर सौभाग्यवतीला माहिती देत होतो. पावसाळा सरल्यामुळे धबधब्याची धार बारीक झाली होती. दर्शन झाले. परतीची चढण सुरू झाली आणि ओवीछंद थांबला. थोड्या वेळाने मीही थांबलो. छाती भात्यासारखी हलत होती. कडेच्या दगडावर एक बाई गाठोडे मांडीवर घेऊन टेकली होती. केस पिकलेले, चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे. मी कसाबसा म्हणालो, "मावशी, थोडं पाणी मिळेल का?"

तिने बाटली पुढे केली. "घ्या की. बसा जरा सर, देव काय पळून चाललाय व्हय? पर मावशी नगा म्हनू. तुमच्याहून ल्हानच आसंन मी."

सौभाग्यवतीला हसू आवरेना. मीही हसलो, पण बाईंनी वय सांगितले तेव्हा दोघांचेही हसू विरले. तिची चाळिशीही झाली नव्हती. मी सत्तेचाळीस वर्षांचा.

तिच्या शेजारी टेकत मी विचारले, "तुम्हाला नाही लागत दम?"

"दम लागून कसं चालंल? परवा टोळी निघायची. कराडकडं."

म्हणजे बाई ऊसतोडीला निघाली होती. जाण्याआधी देवाच्या पाया पडायला आलेली. "आता पाच-सा म्हैने बसणं न्हाई," ती गुडघे चोळीत म्हणाली. "आज बसते ती बसते."

मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी सांगून टाकले, "मला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"चालायला?" ती खदखदून हसली. "त्येच्यासाठी डागदर कशाला लागतोय?"

परत गाडीत बसल्यावर बराच वेळ आम्ही दोघे गप्प होतो. मग सौभाग्यवती म्हणाली, "अहो, तुम्ही पुढे गेलात तेव्हा ती बोलली. तिची पिशवी काढलीय. तिशीही झाली नव्हती तेव्हा."

वाचकांना आठवत असेल, २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून मोठा गदारोळ झाला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,०००हून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३,०००हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि मजुरी टनावर मिळते. एक दिवस पडून राहिले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. गाडी रात्री आली तर रात्री उठून भरायची. मुक्काम कोपीत, संडास नाही, पाणी लांब. तिथे पाळीचे दुखणे परवडत नाही, म्हणून दुखणाऱ्या अवयवाचीच रजा कायमची मंजूर होते.

इथे माझी गाडी अडली. डॉक्टर म्हणतात, हालचाल म्हणजे आरोग्य. मग जिचा पाय दिवसभर थांबत नाही ती बाई माझ्याहून तरुण असून म्हातारी का?

या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग फार पूर्वी सुटला आहे. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस नावाचे संशोधक होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक खात्यातल्या सुमारे ३१,००० पुरुष कामगारांच्या हृदयविकाराच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष छापले. दुमजली बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच पगाराच्या आसपास, एकाच वर्गातले. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर जिना चढत-उतरत असलेला. हृदयविकार कंडक्टरांना कमी होत होता, आणि झाला तरी उशिरा. पोस्टाच्या कामगारांतही तोच प्रकार : सायकलवर किंवा पायी टपाल वाटणारा पोस्टमन खुर्चीतल्या कारकुनापेक्षा सुरक्षित. पुढे १९५६ साली मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापे काढली, तर ड्रायव्हरांच्या कमरा कंडक्टरांपेक्षा मोठ्या! जाडी माणसे ड्रायव्हर होतात की ड्रायव्हर होऊन जाडी होतात, हा पेच त्यातून निघालाच. पण त्यानंतरच्या पुष्कळ अभ्यासांनी बसून राहण्याला निर्दोष सोडलेले नाही. थोडक्यात, आमच्या शिंप्याचे शास्त्र लंडनला मान्य होते. हे मॉरिस स्वतः नियमाने पोहत, चालत, आणि २००९ साली वयाच्या नव्याण्णव्या वर्षी वारले.

दुसरा अर्धा भाग मात्र अलीकडचा आहे. डेन्मार्कमधले संशोधक आंद्रेआस होल्टरमन आणि इतर काही जण म्हणतात की फावल्या वेळचा व्यायाम आणि पोटासाठीचे कष्ट, दोन्हींत घाम गळतो, पण शरीर त्यांचा हिशेब वेगवेगळा ठेवते. २०१८ साली १७ अभ्यासांतल्या १,९०,०००हून अधिक माणसांची माहिती एकत्र केली गेली. कामावर भारी कष्ट उपसणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त दिसला. बायकांत असा फरक त्या अभ्यासांत दिसला नाही. पण ते अभ्यास आपल्या उसाच्या फडातले नव्हते. कारण काय? व्यायाम करणारा हृदयाचे ठोके थोडा वेळ वाढवतो आणि मग थांबतो. त्या थांबण्यात शरीर दुरुस्त होते. ओझी उचलणाऱ्याचा रक्तदाब तासन् तास चढलेला राहतो, सांध्यांना सवड मिळत नाही, आणि केव्हा थांबायचे ते तो ठरवीत नाही. त्याचा मुकादम ठरवतो.

इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात बसून काम करणारे शिंपी आणि चांभार आहेत, आणि ओझ्याखाली वाकणारे हमालही आहेत. तीनशे वर्षांपूर्वी त्याला दोन्ही दुखणी एकाच पुस्तकात बांधावीशी वाटली. आपण मात्र एकासाठी जिम काढली आणि दुसऱ्याला "कष्टाळू माणूस, त्याला काय धाड भरली आहे!" असे म्हणून मोकळे झालो.

मराठी भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. पाहुण्यांची सरबराई करणे याला आपण 'उठबस' म्हणतो. शब्द एकच, पण त्यात दोन्ही क्रिया आहेत : उठणे आणि बसणे. आपल्या आजोबांच्या तालमीतली 'बैठक' सुद्धा अशीच. तिचे नाव बसण्यावरून पडले, पण शंभर बैठका मारायच्या म्हणजे शंभरदा उठावे लागे. आमच्या कॉलेजातल्या बैठकीत माणूस एकदा बसला की ठराव मंजूर होईपर्यंत उठत नाही. उठाबशा ही तर शाळेतली शिक्षा. परवाच्या आकड्यानंतर मला वाटू लागले आहे की मास्तर माझे भलेच करीत होते. उठबशीतले 'उठ' मी गमावले आणि कपिलधारच्या त्या बाईच्या वाट्याला 'बस' आलेच नाही.

त्या दरीत हे सुचावे यातही काही औचित्य आहे. मन्मथस्वामी ज्या परंपरेतले, तिच्यात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी 'कायक' हा शब्द थोर केला. काय म्हणजे शरीर, आणि कायक म्हणजे त्या शरीराने प्रामाणिकपणे करायचे काम. तेच पूजेच्या तोलाचे. शरणांच्या मेळाव्यात माचय्या परीट होते, हरळय्या चांभार होते, चौडय्या नावाडी होते. पण कायकाच्या जोडीला 'दासोह' होता : कमाईतला वाटा सर्वांसाठी देणे. श्रमाला प्रतिष्ठा द्यायची आणि श्रमणाऱ्याच्या पोटाची, पाठीची चिंता करायची नाही, असा एकतर्फी व्यवहार त्यात नव्हता. श्रमाची थोरवी गाणारी भाषणे मी स्वतः गॅदरिंगला केली आहेत; बहुतेक सगळी व्यासपीठावरच्या गादीच्या खुर्चीवर बसून वाट पाहिल्यानंतर.

आता उपाय. माझ्यासारख्यांचा सोपा आहे, म्हणूनच तो आपण करीत नाही. स्नायू हलला की तो रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या १९ माणसांना गोड पेय देऊन पाच तास बसवले. एका दिवशी नुसते बसवले, तर दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी उठवून दोन मिनिटे हळू चालवले. एवढ्या उठण्याने साखरेची चढण जवळजवळ पाव हिश्श्याने खाली आली. आपल्या घरातली जेवणानंतरची शतपावली काय वेगळे सांगत होती? २०१६ साली दहा लाखांवर माणसांची माहिती तपासून असेही दिसले की रोज तासभर ते सव्वा तास झपझप चालणाऱ्यांना आठ तासांच्या बैठकीचा वाढीव धोका जवळजवळ उरत नाही. तेवढे जमले तर उत्तमच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे मागते. म्हणजे रोज बावीस मिनिटेसुद्धा नाहीत. बातम्यांतल्या एका भांडणाचा वेळ.

मी काय केले ते सांगतो. वर्गातली खुर्ची एका विद्यार्थ्याला देऊन टाकली आणि पुन्हा येरझारा सुरू केल्या. मुले म्हणतात, सरांचा तास आता जागता असतो. टेबलावरचा पाण्याचा जग हलवून तांब्या ठेवला. तो लवकर संपतो, म्हणून उठावे लागते. फोन आला की चालतो. रात्री आम्ही दोघे शतपावलीला निघतो आणि गप्पांच्या नादात हजारपावली करून येतो. ऑगस्टमध्ये आकडा ५.९ आला. शिंप्याने अजून शाबासकी दिलेली नाही, पण पँट तिसऱ्यांदा उसवावी लागली नाही.

पण तिचे काय? तिला व्यायामाचा सल्ला देणे ही थट्टा होईल. तिला विसावा हवा. आठवड्याची पगारी सुट्टी, पाळीच्या दिवसांत खाडा न पडणे, तळावर पाणी, संडास आणि दवाखाना, हीच तिची औषधे आहेत. आणि ती कुठल्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत नाहीत. ती सरकारने, कारखान्यांनी आणि आपल्या मतांनी द्यायची आहेत. ही परदेशातली किंवा परक्याची गोष्ट नाही. माझ्या रक्तात जी साखर जास्त झाली, तिचा पहिला ऊस तिच्यासारखीच्याच कोयत्याने तुटला आहे. लाडवाचा गोडवा दोघींकडून आला : वळणारीकडून आणि तोडणारीकडून.

आणि फड लांब असेल तर दुकान जवळ आहे. या दिवाळीत साडी घ्यायला गेलात तर गादीवर बसलेल्या गिऱ्हाइकापुढे उभ्या असलेल्या मुलीकडे जरा पाहा. ती सकाळपासून उभी असते. केरळात अशा बायकांनी लढा दिला, तेव्हा २०१८ साली तिथल्या कायद्यात दुकानातल्या नोकरांचा बसण्याचा हक्क लिहिला गेला. २०२१ साली तमिळनाडूनेही तो दिला. बसण्यासाठी कायदा करावा लागतो, हे मला खुर्चीत बसून वाचताना फार चमत्कारिक वाटले.

दुकानाहूनही जवळ घर आहे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी (या खरोखरच माझ्याहून मोठ्या) अकरा वर्षे स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून चहा पीत आल्या. ते मला कपिलधारहून परत आल्यावर दिसले. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, "असू द्या दादा, सवय आहे." तीन दिवस तसेच झाले. चौथ्या दिवशी त्या टेकल्या, अगदी कडेला, उठायच्या तयारीत.

"नीट बसा मावशी," मी म्हणालो. "चहा मी करतो. मला डॉक्टरांनी उठायला सांगितलंय."

चहा केला. एका कपात साखर घातली आणि तो त्यांना दिला. दुसरा बिनसाखरेचा घेऊन मी दाराशी उभा राहिलो.